उतरत्या भावाचें ग्राफिक्स कार्ड

दुकानदारानें एखाद्या वस्तूच्या मूळ किंमतीवर आडवी रेघ मारून शेजारीं लहान आंकडा लिहिला, कीं पाहणाराचें लक्ष त्या दोन आंकड्यांमधील अंतराकडे जातें. वस्तूकडे तें क्वचितच जातें. लुगड्यांच्या वा भांड्यांच्या बाबतींत या चुकीनें फारसें बिघडत नाहीं. दहा-वीस रुपयांचा फरक, तो चार दिवसांत विसरला जातो. परंतु संगणकावर खेळ खेळणारा तरुण जेव्हां वर्ष-दीड वर्ष पैसा पैसा सांठवून उंची ग्राफिक्स कार्डाच्या दुकानांत शिरतो, तेव्हां प्रश्न लाखाच्या आसपासच्या रकमेचा असतो. त्या रकमेंत कित्येक घरांतील भावंडांची वर्षाची फी भागते. अशा वेळीं ‘साठ हजार रुपये वांचले’ हें वाक्य ऐकणारानें प्रथम विचारावें, कीं वांचले ते कोणाचे व कशांतून?

ग्राफिक्स कार्डाचें काम काय, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पडद्यावरील चित्र असंख्य प्रकाशबिंदूंचें बनलेलें असतें. त्यांनाच पिक्सेल म्हणतात. सामान्य पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० बिंदु असतात, म्हणजे एकंदर २०,७३,६००. खेळांतील प्रत्येक क्षणीं यांतील प्रत्येक बिंदूचा रंग हिशेब करून ठरवावा लागतो, आणि एका सेकंदांत साठ चित्रें दाखवावयाचीं तर एका चित्रासाठीं सेकंदाचा साठावा भागच हातीं येतो. हा प्रचंड हिशेब करण्यासाठीं हजारों लहान गणकांची एक फौजच कार्डावर बसविलेली असते. एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीनें १९९९ सालीं ‘जीफोर्स २५६’ हें कार्ड काढलें, तेव्हांपासून ‘जीपीयू’ हें नांव रूढ झालें. तिची मुख्य प्रतिस्पर्धी एएमडी हिनें २००६ सालीं कॅनडांतील एटीआय ही कंपनी विकत घेऊन या धंद्यांत पाऊल टाकलें. इंटेल २०२२ सालीं आपलीं ‘आर्क’ कार्डें घेऊन आली. प्रत्येक कंपनी साधारणतः दोन वर्षांनीं नवी पिढी काढते, व या दोन वर्षांच्या चक्रांतच सवलतीचें सारें रहस्य दडलेलें आहे.

हें रहस्य उलगडण्यास २०२२ सालच्या एका कार्डाची हकीकत फार उपयोगी आहे. त्या वर्षीं २९ मार्च रोजीं एनव्हिडियानें ‘आरटीएक्स ३०९० टीआय’ हें कार्ड बाजारांत आणलें. २४ गिगाबाइट मेमरी, ४५० वॅट विजेची भूक आणि १,९९९ डॉलर किंमत. त्याच पिढीचें ‘आरटीएक्स ३०८०’ हें कार्ड सप्टेंबर २०२० मध्यें ६९९ डॉलरला जाहीर झालें होतें. किंमत जवळ जवळ तिप्पट. वेग मात्र मोठ्या पडद्यावरहि तिप्पट सोडाच, दीडपटहि नव्हे. त्याहून मागच्या ‘आरटीएक्स ३०९०’शीं तुलना केली तर फरक दहा टक्क्यांच्या आसपास भरे. मग १,९९९ हा आंकडा आला कोठून? कार्डें मिळेनाशीं झालीं होतीं, हेंच त्याचें उत्तर. २०२० च्या अखेरीपासून दीड-दोन वर्षें चिपांची टंचाई होती, टाळेबंदीमुळें घरीं बसलेल्या लोकांची मागणी वाढली होती, आणि सर्वांवर कडी म्हणजे इथेरियम नांवाचें आभासी चलन ‘खणण्या’साठीं हजारों लोक हींच कार्डें उचलून नेत होते. खेळणाऱ्याला कार्ड म्हणजे करमणुकीचें साधन. खणणाऱ्याला तें रोज पैसे पाडणारें यंत्र. लिलावांत कोणाचा शब्द वर जाणार, हें सांगावयास नको.

पुढें वारें फिरलें. चलनांचे भाव कोसळले व मागणी आटली. ऑगस्ट २०२२ मध्यें एनव्हिडियानें स्वतःच जाहीर केलें, कीं खेळांच्या कार्डांपासूनचें तिचें तिमाही उत्पन्न आधींच्या तिमाहीपेक्षां ४४ टक्क्यांनीं घटून सुमारें २०४ कोटी डॉलरवर आलें आहे. कोठारें भरलेलीं, गिऱ्हाईक नाहीं आणि नवी पिढी दाराशीं उभी, अशा स्थितींत व्यापारी काय करील? जें कोणताहि धान्यव्यापारी नवें पीक येण्याच्या सुमारास जुन्या धान्याचें करतो तेंच. सप्टेंबरांत ३०९० टीआय अमेरिकेंत अकराशें डॉलरांच्या आसपास मिळूं लागलें. १,९९९ वरून १,१००: म्हणजे शेंकडा ४५ सूट!

आतां त्या एका आठवड्यांतील घटनाक्रम पाहण्यासारखा आहे. १५ सप्टेंबर रोजीं इथेरियमनें आपली पद्धति बदलली व कार्डांनीं खणण्याचा तो उद्योग एका दिवसांत निरुपयोगी झाला. १६ तारखेस ईव्हीजीए या कार्डें बनविणाऱ्या नामांकित कंपनीनें एनव्हिडियाच्या पुढल्या पिढीचीं कार्डें आपण काढणार नाहीं असें सांगून टाकलें. आणि २० तारखेस एनव्हिडियानें ‘आरटीएक्स ४०९०’ जाहीर केलें: किंमत १,५९९ डॉलर, विक्री १२ ऑक्टोबरपासून. ज्यानें सोमवारीं १९ तारखेस अकराशें डॉलर मोजून ‘जगांतील सर्वांत वेगवान कार्ड’ घरीं नेलें, त्याचें तें बिरुद दुसऱ्याच दिवशीं मुदतबंद ठरलें.

तो ग्राहक फसला काय? येथें घाईनें हो किंवा नाहीं म्हणणें बरें नव्हे. ४०९० हें मोठ्या पडद्यावर त्याच्या कार्डाच्या सुमारें दीडपट वेगवान निघालें, पण किंमतहि जवळ जवळ त्याच प्रमाणांत अधिक होती. म्हणजे दर रुपयास मिळणारा वेग, व्यापारी भाषेंत बोलावयाचें तर ‘रास्त दर’, दोघांचा सारखाच झाला. खरा फटका पुढें बसला. ५ जानेवारी २०२३ रोजीं ‘आरटीएक्स ४०७० टीआय’ हें कार्ड ७९९ डॉलरला आलें. मध्यम आकाराच्या, २५६० गुणिले १४४० बिंदूंच्या पडद्यावर तें ३०९० टीआयच्या जवळपास बरोबरीनें चाले, आणि त्यास ४५० ऐवजीं २८५ वॅट पुरत. साडेतीन महिने थांबणारास तीनशें डॉलर व विजेचा मोठा भाग वांचला असता. मात्र त्या नव्या कार्डावर मेमरी १२ गिगाबाइटच होती, आणि अतिमोठ्या पडद्यावर तें थोडें मागें पडे. ज्याला खेळाबरोबर चित्रपट-संकलन, त्रिमिती-रेखाटन किंवा पुढें आलेले कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग घरीं करावयाचे होते, त्यास जुन्याची २४ गिगाबाइट मेमरीच सोन्याची ठरली. तसलीं जुनीं कार्डें पुढें कित्येक दिवस भाव धरून राहिलीं तीं यामुळेंच. नुसतें खेळणाराचा मात्र तो सौदा बेताचाच म्हणावा लागेल.

आणखी एक गोष्ट त्याच्या हातून निसटली, ती किंमतीच्या पाटीवर कोठेंच लिहिलेली नव्हती. नव्या पिढीबरोबर एनव्हिडियानें ‘फ्रेम जनरेशन’ नांवाची युक्ति आणली. दोन खऱ्या चित्रांच्या मध्यें यंत्रानेंच एक कल्पित चित्र घालावयाचें व हालचाल अधिक गुळगुळीत भासवावयाची, असा तिचा प्रकार. ही सोय जुन्या पिढीच्या कार्डांस देण्यांत आली नाहीं. एएमडीनें सप्टेंबर २०२३ मध्यें आपली तशीच सोय काढली ती मात्र इतरांच्या जुन्या कार्डांवरहि चाले. एका कंपनीच्या ग्राहकाचें समाधान दुसऱ्या कंपनीनें करावें, ही या धंद्यांतील एक मौज आहे.

या कल्पित चित्रांविषयीं थोडें सावध राहावें हें बरें. जानेवारी २०२५ मध्यें लास व्हेगासच्या प्रदर्शनांत एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनीं ५४९ डॉलरचें ‘आरटीएक्स ५०७०’ हें १,५९९ डॉलरच्या ४०९० ची कामगिरी करील असें सांगितलें. प्रत्यक्षांत ही बरोबरी एका खऱ्या चित्रामागें तीन कल्पित चित्रें घालूनच साधत होती; तीं वगळतां ५०७० पुष्कळच मागें राहतें. कल्पित चित्रानें डोळ्यास हालचाल मऊ दिसते, पण बोटानें दाबलेल्या कळीचा परिणाम पडद्यावर उमटण्यास लागणारा वेळ त्यानें कमी होत नाहीं. नेमबाजीच्या खेळांत तर तोच वेळ मोलाचा. तेव्हां कोणत्याहि तुलनेंत ‘इतकीं चित्रें’ असें लिहिलेलें दिसल्यास त्यांतील खरीं किती, हें आधीं विचारावें.

इतकें ऐकून कोणी असा निष्कर्ष काढील, कीं नवी पिढी जवळ आली म्हणजे स्वस्त जुन्याकडे ढुंकूनहि पाहूं नये. तसें मात्र नाहीं. याच्या अगदीं उलट प्रकार दोन वर्षें आधीं घडला होता. १ सप्टेंबर २०२० रोजीं ‘आरटीएक्स ३०७०’ हें ४९९ डॉलरचें कार्ड जाहीर झालें व तें आपल्या मागील पिढीच्या ‘आरटीएक्स २०८० टीआय’हून वेगवान असल्याचें कंपनीनें सांगितलें. २०८० टीआय घेतांना लोकांनीं हजार-बाराशें डॉलर मोजले होते. त्यांपैकीं कित्येकांची गाळण उडाली व मिळेल त्या भावानें, पांचशें डॉलरांच्या आसपास, त्यांनीं आपलीं कार्डें काढून टाकलीं. पुढें काय झालें? नवीं कार्डें दुकानांत आलीं तशीं क्षणांत संपलीं, महिनोन् महिने दिसेनाशीं झालीं. आणि २०२१ च्या पूर्वार्धांत तेंच जुनें २०८० टीआय हजार डॉलरांच्या घरांत विकलें जाऊं लागलें. त्या आठवड्यांत घाबरलेल्या विक्रेत्याकडून कार्ड घेणारा ग्राहक शहाणा ठरला, आणि ‘थांबा, स्वस्त होईल’ असा उपदेश करणारे पंडित तोंडघशीं पडले. शिवाय जुन्या कार्डावर ११ गिगाबाइट मेमरी होती व नव्या ३०७० वर ८ च. २०२३ सालीं ‘हॉग्वर्ट्स लेगसी’, ‘द लास्ट ऑफ अस’ यांसारखे मेमरीखाऊ खेळ संगणकावर आले, तेव्हां या आठांची टंचाई पुष्कळांस जाणवली. २०२५ च्या अखेरीसहि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनीं मेमरी-चिपांची अशी काहीं उचल केली, कीं संगणकाच्या मेमरीचे भाव उतरण्याऐवजीं भडकले. किंमतीचा काळाबरोबर खालींच जाण्याचा नियम येथें चालत नाहीं.

मग निर्णय करावा कशावरून? भविष्यकथनावर नव्हे, तर आपल्या टेबलावर काय आहे त्यावर. पहिला प्रश्न पडद्याचा. वर सांगितलेल्या सामान्य पडद्यावर वीस लाखांहून थोडे अधिक बिंदु असतात. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ३६,८६,४००. आणि ‘फोर-के’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे सामान्याच्या नेमके चौपट. उंची कार्डाची गरज मुख्यतः या शेवटच्या पडद्यास. सामान्य पडद्यापुढें तें बसविलें तर बैलगाडीचें ओझें ओढावयास आगगाडीचें इंजिन जुंपल्यासारखें होतें: इंजिन अर्धवट बेकार, आणि गति ठरते ती दुसऱ्याच कोणाच्या हातीं. तो दुसरा म्हणजे संगणकाचा प्रोसेसर. खेळांतील पात्रांची चाल, टकरा, हालचाली यांचा हिशेब तो करतो व मग कार्डास चित्र काढावयास सांगतो. प्रोसेसर पांच-सात वर्षांचा जुना असेल तर नवें कार्ड हुकमाची वाट पाहत बसतें.

पडदा सेकंदास किती चित्रें दाखवूं शकतो, हेंहि तितकेंच पाहणें अवश्य. साठ दाखविणाऱ्या पडद्यावर कार्डानें दीडशें काढलीं, तरी डोळ्यांपुढें सेकंदास साठच संपूर्ण चित्रें येतात. एक साधें उदाहरण घ्यावें. समजा, एका पन्नास हजारांच्या कार्डावर एखादा खेळ सेकंदास ६० चित्रांनीं चालतो, व सवलतींत लाखाला मिळणाऱ्या कार्डावर ९० चित्रांनीं. पहिल्यांत दर चित्रास ८३३ रुपये पडले. दुसऱ्यांतील वरचीं ३० चित्रें मात्र वरच्या पन्नास हजारांत मिळालीं, म्हणजे दर चित्रास १,६६७ रुपये, बरोबर दुप्पट. आणि पडदा साठाचाच असेल तर या वरच्या पन्नास हजारांचें फळ बहुतांशीं वायां गेलें. लाखाच्या कार्डाची मूळ किंमत दीड लाख होती कीं दोन लाख, याचा या गणितांत कोठेंहि संबंध येत नाहीं. मुलांना त्रैराशिक शिकवितांना जें सांगतात तेंच येथें लागूं: जी संख्या उदाहरणांत वापरावयाची नाहीं ती खोडून टाकावी.

आतां आडून येणाऱ्या खर्चाकडे वळावें. हा भाग विक्रेता सांगत नाहीं, ग्राहक विचारीत नाहीं, आणि वडील मंडळींस बिल आल्यावर कळतो. ४५० वॅटच्या कार्डासाठीं कंपनी निदान ८५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचविते. घरांत साडेपांचशेंचा असेल तर तो बदलणें आलें. कार्डाची लांबी-जाडी इतकी असते, कीं जुन्या कॅबिनेटांत तें मावेलच असें नाहीं. तेव्हां फूटपट्टी घेऊन आधीं मोजावें, मिलिमीटरपर्यंत. विजेच्या नव्या जाड जोडणीविषयीं तर २०२२ च्या हिवाळ्यांत बराच गवगवा झाला होता. ४०९० च्या कांहीं ग्राहकांच्या जोडण्या तापून वितळल्या, व बहुतेक ठिकाणीं जोडणी पूर्णपणें आंत बसविलेली नव्हती असें कंपनीनें नोव्हेंबरांत सांगितलें. कारण कांहींहि असो, ही जोडणी खटका ऐकूं येईपर्यंत दाबून बसवावी व तिच्या तोंडाशींच तार वांकवूं नये. रोज तीन तास खेळल्यास ४५० वॅटचें कार्ड महिन्यास साधारण ४० युनिट वीज घेतें. युनिटास दहा रुपये धरले तर चारशें रुपये झाले. तीन वर्षांत साडेचौदा हजार. आणि मुंबई-कोंकणांतील मे महिन्यांत तेवढी उष्णता खोलींत ओतली, कीं पंख्याचें काम भागत नाहीं; कित्येक घरांत मग गारवा-यंत्राची मागणी पुढें येते. तो खर्च कोणाच्या खातीं मांडावयाचा, हें ज्या त्या घरानें ठरवावें.

अमेरिकेंतील सवलत वाचून येथें गणित करणारांनीं दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. तेथील जाहीर किंमतींत विक्रीकर धरलेला नसतो. येथें १८ टक्के जीएसटी किंमतींतच मिसळलेला असतो. आणि तेथील सूट येथें त्याच दिवशीं, त्याच प्रमाणांत पोहोंचत नाहीं. म्हणून डॉलरास रुपयांच्या भावानें गुणून दुकानदारास लुटारू ठरविणें अन्यायाचें होईल. मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर, ज्याचें आजचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, एकाच कार्डाचे चार दुकानांत चार भाव ऐकूं येतात. कमी भावामागें पुष्कळदां एकच कारण असतें: पक्की पावती मिळावयाची नाहीं, किंवा माल परदेशांतून परभारें आलेला, ज्याची वॉरंटी येथें चालावयाची नाहीं. लाखाच्या वस्तूंत तीन वर्षांची वॉरंटी ही शोभेची गोष्ट नव्हे. ईव्हीजीएनें धंदा आंवरतांना जुन्या ग्राहकांची जबाबदारी संभाळण्याचें वचन दिलें, हें तिच्या नांवास शोभलें. पण हातबदल झालेल्या मालास प्रत्येक कंपनी तसें वचन देईलच असें नाहीं.

वापरलेल्या कार्डांबद्दल ‘खणून काढलेलें म्हणजे मेलेलें’ असा एक समज आहे, तो सरसकट खरा नाहीं. अखंड एका तापमानावर चालणें हें रोज तापून निवण्यापेक्षां चिपेस कमी जाचक होऊं शकतें. झिजतात ते पंखे, आणि सुकतात ते चिपेवरील उष्णतावाहक लेप व पट्ट्या. ३०९० वर मेमरीच्या चिपा पाटीच्या दोन्ही अंगांस होत्या व मागल्या अंगाच्या फार तापत. ३०९० टीआयमध्यें त्या सर्व पुढल्या अंगास आणल्या गेल्या. तेव्हां या दोहोंत निवड करावयाची झाल्यास व भावांत थोडाच फरक असल्यास दुसरें घ्यावें. वापरलेलें कार्ड पाकिटांतून दाखविलें म्हणून घेऊं नये. विक्रेत्याच्या संगणकावर तें लावून एखादा जड खेळ अर्धा तास चालवून पाहावा. पंख्याची घरघर, पडद्यावर उमटणारे भलते ठिपके, मेमरीचें तापमान, हीं सर्व त्या अर्ध्या तासांत बाहेर पडतात. मग कार्डावरील अनुक्रमांक व पावतीवरील अनुक्रमांक एक आहेत ना तें ताडून पाहावें, कंपनीच्या नोंदींत वॉरंटीची मुदत केव्हां संपते तें तपासावें, आणि त्यानंतर भावाची बोलणी सुरू करावीं.